मास्तरांचं उरलेलं इंग्रजी

४ मार्च
ह्यांना विचारलं, पोटात दुखतंय का? तर म्हणाले, "पीस ऑफ केक!" लेकीला फोन लावून अर्थ विचारला. अगदी सोप्पं काम म्हणे, आपल्या डाव्या हातचा मळ. आणि इकडे ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय!

मेंदूला झटका आल्यापासून मराठीचा एक शब्द नाही. माझं नावसुद्धा नाही. उभा जन्म क्लासात पोरांकडून जे बोलण्यातलं इंग्रजी घोकून घेतलं, तेवढंच तोंडात उरलंय. आणि मी, मास्तरांची बायको — इंग्रजीच्या नावानं शंख!

६ मार्च
शिकतेय. दुसरा इलाजच नाही. "अंडर द वेदर" म्हणजे बरं वाटत नाही. "हँग इन देअर" म्हणजे धीर सोडू नकोस. "ब्रेक अ लेग" — पाय मोड म्हणे, आणि त्या शुभेच्छा! ह्या लोकांना भलं चिंतणंसुद्धा सरळ जमत नाही.

९ मार्च
"कॉल इट अ डे." सकाळपासून तेच. अर्थ कळला — पुरे आता, थांबवू या. जगणं नको झालंय का ह्यांना? मी ह्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. हे माझ्याकडे बघत पुन्हा म्हणाले, "कॉल इट अ डे."

१० मार्च
बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. "काकू, अर्थ शोधू नका. जिभेला जे बसलंय तेच बाहेर पडतं, सवयीनं."
म्हणजे मी इतके दिवस भिंतीशी बोलत होते.

१३ मार्च
ह्यांचा डोळा लागला की मी गुपचूप निसटते, औषधं घेऊन येते. आज दार मागे लागलं आणि किल्ली आत! मी जिन्यात, हे आत एकटे. दार बडवतेय, तर आतून, "टेक इट ईझी!" मग धप्पकन आवाज. शेजारीणबाई त्यांच्याकडची किल्ली घेऊन येईस्तोवर जीव टांगणीला. हे पलंगाशेजारी जमिनीवर पडलेले. दार उघडायला उठले असणार.

पूर्वी दारातून "येते हं" म्हटलं की पेपरातून मान वर न करता विचारायचे, "किल्ली घेतलीस?" रोज! मी खेकसायचे, "घेतली हो, घेतली! कुकुलं बाळ आहे का मी?"

१४ मार्च
लेक म्हणाली, "आई, तुझ्याच्यानं नाही व्हायचं. बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवू. तिथं माणसं असतात."
हो म्हटलं. माझीच मला लाज वाटते.

१७ मार्च
बॅग भरली. चष्मा पुसून पुसून ठेवला.

१८ मार्च
केंद्रातली खोली स्वच्छ. पलंग खिडकीशी. लेक खाली गाडीत. ह्यांच्याकडे बघवेना, म्हणून पाठमोरीच म्हणाले, "येते हं."
मागून आवाज आला, "किल्ली घेतलीस?"
सवयीनंच असेल. असेना! लेकीला वर बोलावलं — बॅग परत खाली न्यायची होती.