पुलाच्या पुढे

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३. संगमनेर

१. लढाईत गेलेल्या जवानांच्या घरच्यांना कबूल केलेली जमीन मिळत नाही, म्हणून आज कचेरीवर मोर्चा.
२. पुढे तिरडी. तिच्यावर फौजी कपडे घातलेला गवताचा पुतळा. छातीवर पाटी – ‘पाच एकर मिळाले, आता निवांत झोपतो.’
३. लोक हसले.
४. पुतळ्याच्या शर्टाच्या खिशाला काळा दोरा. तो मीच घातलेला. बन्सीदादा शेवटच्या रजेवर आला तेव्हा हिरवा दोरा घरात नव्हता. त्यानंतर एकाहत्तरच्या डिसेंबरात दादा सरहद्दीवर मारला गेला.
५. तिरडीला पुढून खांदा शामकांतचा.
६. मोर्चा नदीकडे, स्मशानाच्या वाटेला वळला. मी पुलावरून परत फिरले.

मंगळवार, ६

कालव्याच्या ऑफिसात नकाशावर शाई सांडली. ब्लेडने खरवडली, डाग राहिलाच. साहेबांनी नवा कागद पुढे ठेवला. मोर्च्याचे त्यांनाही कळले असेल.

संध्याकाळी शामकांत दारात. दादाचा वर्गमित्र. या गावात कामाशिवाय माझ्याशी बोलणारा एवढाच.

“आम्ही सरकारला हसलो, शोभा. बन्सीला नाही.”

“लोक कुणाकडे बघून हसत होते?”

“हसले म्हणून तरी बघितलं! वर्षभर अर्ज केलेस, कुणी मान वर केली?”

खरे आहे. तरी म्हटले – “मेलेल्याला नको म्हणता येत नाही. पुन्हा येऊ नका.”

“अगं, कपडे कुठून आले ते तरी –”

दार लावले.

शुक्रवार, ९

पुलापर्यंत एकटीच जाऊन आले. नदीत वाळूच. दिवसभरात कुणाशी बोलले नाही.

रविवार, ११. अकोले

आईकडे. दादाची पेटी रिकामी.

“शामकांतनं कपडे गोड बोलून नेले ना?”

“म्याच बोलावून दिलं.” भाकरी थापायची थांबली नाही.

“आई, लोक हसत होते!”

“हसू दे की. त्यो काय कमी हसायचा?” भाकरी तव्यावर टाकली. “त्याची माती तिकडंच झाली. आपल्यातलं कुनी न्हवतं. म्हनलं, कपड्याची तरी तिरडी निघू दे. चार खांदं तरी लागतील.”

मग हात धुऊन समोर येऊन बसली.

“तू हुतीस न्हवं? अग्नी कुनी दिला?”

पुलावरून परत फिरले, हे सांगता आले नाही.

सोमवार, १२

शामकांतला चिठ्ठी दिली – ‘पुलाच्या पुढे काय झाले? अग्नी दिला का? कुणी? तेव्हाही लोक हसत होते का? शनिवारपर्यंत कळवा. रविवारी आई पुन्हा विचारील.’