दोरी काढलीस का?

३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घर आवरायला घेतलं. पुढची खोली झाली, मधली अर्धी. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. शिवाय महत्त्वाचं ते पत्रातच लिहायचं हा आईचाच नियम. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून घरी आल्यावर तिला घंटी सहन व्हायची नाही. लोकांच्या जोडण्या देऊन कान विटले, म्हणायची. म्हणून आपण पत्रं लिहिणारं घर झालो. अलीकडे मात्र हात दुखतो म्हणून ती लिहीत नाही, आपणहून फोन करते. फोनचा तिटकारा असलेली बाई फोन करायला लागली, म्हणजे म्हातारपणी मऊ झाली असणार.

घराच्या एजंटने काल येऊन सूचना दिल्या. माणसं घर बघायला येतात तेव्हा त्यांना भिंती दिसल्या पाहिजेत, तुमची आई नाही, असं म्हणाला. उद्धट आहे, पण मुद्दा बरोबर आहे. या घरात सध्या आईच दिसते. घरातल्या बोळातून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट सोडून दोन्ही बाजूंना रिकाम्या डब्यांची रांग आहे. मागच्या दारापासून बाथरूमपर्यंत कमरेच्या उंचीवर नायलॉनची दोरी बांधली आहे आणि तिला मध्येमध्ये गाठी. कपडे वाळत घालायला म्हणावं तर एवढ्या खाली कोण बांधेल? मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन, चहाच्या बरणीला सुतळी. गरम पाण्याच्या नळाला तुझा शाळेतला मोजा घातला आहे. म्हातारपणी लोक देवधर्माला लागतात, आपली आई सुतळीला लागली.

मला हसू आलं, आणि हसल्याबद्दल थोडं वाईटही वाटलं. तिचं सामान तिला न विचारता फेकणं बरं नाही. म्हणून सोबत तिच्यासाठी वेगळा कागद ठेवला आहे. खोलीवार विचारलं आहे, काय ठेवू आणि काय काढू. डब्यांचं आणि दोरीचंही विचारलं आहे. तिला निवांत वाचू दे आणि उत्तर कळव.

आता मुख्य गोष्ट. माझ्या रस्त्यावरची तळमजल्याची खोली मालकाने या महिनाअखेरपर्यंत आपल्यासाठी थांबवली आहे. घर विकायला आई एकाच अटीवर तयार झाली, हे तुझ्या लक्षात असेलच. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, स्वतःच्या खोलीत स्वतःच्या कुलपाने राहीन, असं ती म्हणाली होती. आपण दोघांनी शब्द दिला आहे. आवराआवरीची धूळ नको म्हणून तिला तुझ्याकडे पाठवलं, ते महिन्यापुरतंच. तुझा होकार आला की मालकाला सांगते.

वहिनीला माझा नमस्कार. लोभ आहे तो राहू दे, फक्त मधल्या काळात घरातली कपाटं कोणी घ्यायची यावरून तो कमी करू नकोस.

तुझी,
ठकू


११ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कपाटं तुला लखलाभ.

तुझा कागद त्याच दिवशी आईला दिला. तिने घडी न मोडता उशीजवळ ठेवला, चष्मा लावून वाचते म्हणाली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, ठकूला सांग, तुझ्या मनाने कर. सविस्तर काही नाही. म्हणजे तुला मोकळं रान.

आता जे लिहितो ते लिहिताना हात जड होतोय. आई बरी नाही. ताप-खोकला काही नाही, पण आल्यापासून ती हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असते. सकाळी बसवावी आणि रात्री उठवावी. परवा टीव्ही बंद होता आणि ती त्याच्याकडे तोंड करून बसली होती. पाणी ओतलं ते पेल्याच्या बाहेर. एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात तुझ्या वहिनीची घालून दारात उभी राहिली. ताटात भाजी वाढलेली असताना भाजी आहे का म्हणून विचारलं. वहिनीने सोफा दुसऱ्या भिंतीला लावला, तर आई एवढी चिडली की तिच्यावर ओरडली. सोफ्यावरून! आपली आई, जिने बाबा गेले तेव्हा आवाज चढवला नाही.

तुझ्या वहिनीचं म्हणणं, हे मेंदूचं आहे, उशीर न करता डॉक्टरांना दाखवावं. तिच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. दोरीच्या गाठी आणि नळाचा मोजा हे तू गंमत म्हणून लिहिलंस, मी मात्र ते तुझ्या वहिनीला पुन्हा वाचून दाखवलं. शहाणं माणूस नळाला मोजा घालत नाही, ठकू.

तेव्हा खोलीचं विसर. शब्द दिला होता हे मला मान्य आहे, पण तो आपल्या जुन्या आईला दिला होता. डोकं जागेवर नसलेल्या बाईला गॅस पेटवायला एकटं सोडलं आणि काही झालं तर लोक शब्दाचं विचारणार नाहीत, आपल्याला विचारतील. ती इथेच राहील. तू मालकाला नाही म्हणून कळव. तू विरोध करशील हे माहीत आहे. तू लहानपणी गोळी घ्यायलाही विरोध करायचीस.

जेवणाखाण्याची आबाळ करून घेऊ नकोस. धाकटी असूनही तू माझ्यापेक्षा जास्त काळजी करतेस, ती या वेळी माझ्यावर सोड.

तुझा,
दादा


१९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. आणि वाचून झाल्याशिवाय आईच्या खोलीत जाऊ नकोस, ही विनंती आहे.

तुझ्या मनाने कर, हा आईचा निरोप मिळाल्यावर मी दोन दिवसांत सगळं काढलं. डबे भंगारात गेले. दोरी कापली. रबरबँड, सुतळी, मोजा केराच्या पिशवीत. तिचा होकार आला याचं मला बरं वाटलं होतं, आणि एवढा सहज कसा आला याचं आश्चर्य वाटलं होतं. त्या आश्चर्यापाशी मी थोडी थांबायला हवी होती. कामाचा झपाटा होता, थांबले नाही.

सोमवारी संध्याकाळी एक जोडपं घर बघायला येणार होतं. एजंटने निरोप ठेवला होता, सगळे दिवे लावून ठेवा, घर प्रसन्न दिसतं. मी बटणं दाबत गेले. पुढच्या खोलीतला लागला, बाकी एकही नाही; आवराआवरी मी दिवसाउजेडीच केली होती, त्यामुळे आधी कळलं नव्हतं. मला वाटलं फ्यूज गेला. इलेक्ट्रिशियन आला आणि प्रत्येक बल्ब काढून कानाशी हलवत गेला. सगळे गेलेले. काहींवर इतकी धूळ होती की पुसल्याशिवाय काच दिसेना. त्याने मला विचारलं, इथे कुणी राहत नव्हतं का. मी म्हटलं, आई राहत होती. तो म्हणाला, मग त्या अंधारात राहत होत्या का?

मी जोडप्याला परत पाठवलं. मोकळ्या बोळात उभी राहिले आणि डोळे मिटून हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही, कारण लागण्यासारखं सगळं मी फेकलं होतं.

दादा, आईला दिसत नाही. पुढच्या खोलीतला दिवा ती लावायची तो आपल्यासाठी, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. डबे म्हणजे तिची भिंत. दोरी म्हणजे तिचा रस्ता, आणि गाठ म्हणजे पुढे पायरी. मोजा घातलेला नळ म्हणजे हात भाजणारा नळ. हे सगळं घर तिने बोटांना वाचता येईल असं लावून घेतलं होतं आणि मी त्यावर सुतळीचा विनोद केला. आपण तिला ओळखू येतो ते आवाजावरून. एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं तिने फक्त आवाजावरून माणसं ओळखली आहेत, त्यामुळे आपल्याला कधी शंका आली नाही. लिहिणं सोडून ती फोन करायला लागली, त्याला आपण माया समजलो. आणि माझा कागद तिने वाचलाच नाही. वाचू शकत नव्हती आणि तुम्हाला कुणाला वाच म्हणू शकत नव्हती. तो होकार नव्हताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्याकडे फोन केला. वहिनीने उचलून आईला दिला. मी विचारलं, कधीपासून. तिने विचारलं, कशाचं. तुझ्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता. शेवटी तिनेच विचारलं, दोरी काढलीस का. मी काढली म्हटलं. ती म्हणाली, मग विका आता ते घर, मला तिथे काही सापडायचं नाही.

रडली नाही. सोसायटीची थकबाकी विचारावी तसं तिने विचारलं आणि मी तसंच उत्तर दिलं. नंतर दोन वर्षं झाली म्हणाली, तेव्हा मी तिला बोल लावला, इतके दिवस लपवलंस म्हणून. त्यावर म्हणाली, कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी बॅग भरायला कोण आलं असतं? मीच. आलेच असते. ती म्हणाली, आंधळी म्हटलं की बाईच्या हातात काठी येण्याआधी दुसऱ्याचा हात येतो, आणि मग तो सुटत नाही.

तुला सांगू का, असं मी तिलाच विचारलं. तिचं गुपित तिला न विचारता उघडावं असं वाटेना. पण गप्प बसले तर तू तिला मेंदूच्या डॉक्टरकडे नेशील. ती म्हणाली, सांग, पण पत्रात सांग. तोंडी सांगितलंस तर तो मध्येच बोलेल.

तिची खोली आपण नाकारू नये असं मला वाटतं. ती एकटी सुरक्षित राहील का? मला खात्री नाही. मी तुला खात्री देतेय असं वाचू नकोस. एवढंच म्हणते की ती राहत होती, आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही इतकं नीट राहत होती. तिचे डोळे गेले आहेत, डोकं नाही. एकाची शिक्षा दुसऱ्याला नको. मालकाला मी अजून काहीच कळवलेलं नाही.

रागावलास तरी लिही. रागाचं पत्रही मी जपून ठेवते, तुला माहीत आहे.

तुझी,
ठकू


२६ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि दादा लिहितो आहे. एकही शब्द गाळायचा नाही आणि मनाचा घालायचा नाही अशी त्याला ताकीद आहे. (पाळतो आहे. दादा.)

तुझं पत्र त्याने आधी एकट्याने वाचलं आणि मग मला मोठ्याने वाचून दाखवलं. नळाच्या मोज्याचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. मग नाक शिंकरून समोर बोटं धरली आणि विचारलं किती. एवढा मोठा झाला पण अक्कल बेताचीच. मी म्हटलं, बोटं राहू दे, जवळ ये. डोक्यावरून हात फिरवला तर केस कुठे आहेत? एवढं टक्कल पडलं आणि मला कुणी कळवलं नाही. लपवलं म्हणून मलाच बोलता! (हा मजकूर गाळावा अशी विनंती केली. नामंजूर झाली. दादा.)

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू म्हणाले. गेलं ते येणार नाही. उजेड-अंधार कळतो तेवढा राखायला थेंब दिले आहेत. दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं असंही म्हणाले, ते बरोबर आहे. ती चूक माझी, तुमची नाही. तू ती स्वतःच्या नावावर लिहून घेशील म्हणून मुद्दाम सांगते.

घराचं मनाला लावून घेऊ नकोस. दोरी तू काढली नसतीस तर घेणाऱ्याने काढली असती. तिथे मला पुन्हा नेऊ नका. बघायला जाण्यात आता काय अर्थ?

दादाचं म्हणणं, त्याच्याकडेच राहावं. सून चांगली आहे, तिने सोफा परत जागेवर लावला आणि माझी माफी मागितली. मागायची गरज नव्हती. पण या घरात मला सगळं हातात मिळतं, आणि हातात मिळायला लागलं की हात विसरतो. मला ती खोली हवी. गॅस नको, विजेची शेगडी चालेल, इथे मी दादाचं ऐकते. सकाळी एकदा तू डोकावून जा. सोबतीला बाई ठेवायची नाही. सामान मी लावीन. तू खुर्चीत बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे.

दादाने अजून हो म्हटलेलं नाही. त्याला विचार करायचा आहे. करू दे. तब्येत जप आणि आईवरचा लोभ आहे तितकाच ठेव, कणव मिसळून वाढवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. आईचं पत्र इथे संपलं. आता मी लिहितो, ती आत जरा आडवी झाली आहे.

मी खरोखरच हो म्हटलं नव्हतं. मला वाटलं, ती या घरात गोंधळते, चप्पल चुकते, दिवसभर खुर्चीत बसून राहते, मग नव्या खोलीत काय करील? आज सकाळी तुझी वहिनी बाहेर गेली होती. मी हॉलमध्ये डोळे मिटले आणि स्वयंपाकघराकडे निघालो. हे घर घेऊन दहा वर्षं झाली. चार पावलांवर थांबलो, पुढे काय आहे ते आठवेना. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, जरा उजवीकडे हो, तुझ्या कपाटाचं दार उघडं आहे.

मी डोळे उघडले. दार नाकासमोर होतं. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, सकाळी उघडलंस ते ऐकलं, लावलंस ते ऐकलं नाही. आल्यापासून खुर्चीत बसून ती दुसरं काय करत होती, असं तिने मलाच विचारलं.

खोलीच्या मालकाला होकार कळव. महिना संपत आला आहे, पत्राने नको, फोन कर.

तुझा,
दादा