दादाचं नाटक

३ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा खडा मूत्रनलिकेत अडकलाय आणि कापाकापी न करता बाहेरून झटके देऊन तो फोडणार आहेत, असं कळलं. एवढासा खडा आणि केवढी त्याची सरबराई. वहिनींच्या कानांत घालायला कापूस पाठवू का? तुझं विव्हळणं त्यांना एकट्यांना ऐकावं लागणार.

खरं सांगू? माझी शिलाई मशीनं वरच्या मजल्यावर नेताना तू कंबर धरून जिन्यात बसलास, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणाले होते की झालं याचं नाटक सुरू. तू मुकाट्याने उठलास आणि उरलेली दोन मशीनंही वर नेलीस. ते आता मला खातंय.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
छोटी

११ ऑगस्ट

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

कापसाची गरज पडली नाही. कुशीला पाण्याची उशी लावली आणि तासभर टकटक चालली होती. मशीनवाल्या बाईंनी तीनदा विचारलं, दुखतंय का, जोर कमी करू का. मी नाही म्हणालो. असा शहाणा पेशंट पाहिला नाही म्हणाल्या. हे तू चारचौघांत सांगायचंस.

आता लघवीला गाळणी घेऊन जातो, तुकडे तपासायला द्यायचेत. चहाची गाळणी वेगळी आहे, तू खुशाल ये. कालपासून जरा कणकण आहे. ताप आला तर लगेच या असं डॉक्टर म्हणाले होते, पण एवढ्या-तेवढ्यावरून कुठे धावायचं? हिलाही बोललो नाही. गिऱ्हाइकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायच्या खोळंबल्यात.

लोभ आहेच, तो सांभाळ.

तुझा,
दादा

१४ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

यांना काल दवाखान्यात ठेवलं. तीन दिवस अंगात ताप होता, पांघरुणात कुडकुडत होते आणि मला थंडी वाजतेय एवढंच सांगत होते. फुटलेल्या खड्याचे तुकडे मूत्रनलिकेत अडकले, लघवी तुंबली, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. आत नळी घातलीय. मूत्रपिंड वाचेल का, ते दोन दिवसांनी कळेल.

आधी का नाही सांगितलं म्हणून डॉक्टर रागावले. हे तापात म्हणाले, छोटी म्हणेल नाटक करतोय. तुम्हाला बोल लावत नाही, पण लपवणंही बरं नव्हे.

अजून कोणाला आत सोडत नाहीत. कळवते.

तुमची,
वहिनी

१७ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे वहिनी वाचून दाखवतील.

लहानपणापासून तू आई गं म्हणालास की मी हसायची आणि घरही हसायचं. त्या हसण्यापायी तू ताप गिळलास. मी चुकले, दादा. जीभ माझी आणि भोग तुझ्या वाट्याला. तीन दिवस एक टाकाही सरळ पडला नाही.

बोलायचं नसेल तर नको बोलूस. फक्त बरा हो.

तुझी अपराधी,
छोटी

२२ ऑगस्ट

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

मूत्रपिंड वाचलं. अक्षर वाकडं आहे, पडल्यापडल्या लिहितोय.

दोष तुझ्या एकटीचा नाही गं. दुखतंय म्हणायला मलाही तोंड होतं. शहाणा म्हणवून घ्यायची हौस नडली.

शुक्रवारी नळी काढणार. दुखेल म्हणतात. या खेपेला मी ओरडणार आहे, अगदी दाराबाहेर ऐकू जाईल असं. तू दाराशी उभी राहा.

कापूस आणू नकोस.

तुझा,
दादा