तुळईची रुंद बाजू

सोम., १२ फेब्रु. १८९४
ताप गेला. वैद्यबुवा अजून पडून राहा म्हणत होते, ऐकले नाही. गिरगावातून ट्रामने भायखळा, पुढे लालबागला शेटजींच्या नव्या घराच्या कामावर पायी.

मी अंथरुणावर असताना सखाराम सुताराने पहिल्या मजल्याच्या तुळया चढवल्या. वर आडव्या लाकडी कड्या, त्यावर फळ्या, सगळे उरकले. तुळयांना खालून सागवान मढवलेसुद्धा. शेटजींना उघडे लोखंड बघवत नाही. काम स्वच्छ. साग सोडून पोलाद घाला हा हट्ट माझा, आणि शेटजींनी तो निव्वळ माझ्या शब्दावर मानला.

निघताना सवयीने सखारामला विचारले, तुळईची रुंद बाजू कुठे घातलीस? म्हणाला, "वर घातलंय. कड्यांक बसूक बरी."
मान हलवून निघालो. भायखळ्याला पोचेपर्यंत काही लक्षात आले नाही.

मंगळ., १३
झोप नाही. पोलादी तुळईला रुंद बाजू नसतेच. ती लाटून काढतात. वरची पट्टी, खालची पट्टी सारखी, मध्ये उभा पडदा. रुंद-अरुंद असते ती जुन्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुळईला. आयुष्यभर बीड घातले, म्हणून प्रश्न तोंडात बसलेला.

मग सखारामने वर घातली ती रुंद बाजू आली कुठून? तुळया ज्याच्याकडून आल्या त्या लोखंडबाजारातल्या व्यापाऱ्याच्या वखारीत मोडलेल्या गिरणीचे बीड रचून ठेवलेले मी पाहिले आहे. पोलाद म्हणून तेच रंगवून पाठवले असेल तर. आणि त्यात उलटे घातलेले! बिडाची रुंद बाजू खालीच हवी. खालच्या अंगाला ताण येतो आणि बीड ताण सोसत नाही. लाकूड आधी कुरकुरते. बीड काही न सांगता तुटते.

गुरुवारी वास्तुशांत. पंगत त्याच मजल्यावर. सगळी आळी येणार, आमच्या घरचीही.

मंगळ., संध्याकाळ
शेटजींकडे गेलो. एका तुळईचे सागवान काढून बघतो म्हटले. हसले. "काय हो दादा, महिनाभर आम्हांला पोलादाची पोथी वाचून दाखवलीत, आता तुम्हांलाच भरवसा नाही?" शेजारी त्यांचे मेहुणे बसलेले. त्यांना पहिल्यापासून साग हवा होता. ते म्हणाले, ताप डोक्यात गेला असेल. शेवटी, काय ते पंगतीनंतर बघा, आता पाहुण्यांसमोर शोभा नको, असे ठरले. म्हणजे त्यांनी ठरवले.

घरी सौ.ना म्हटले, गुरुवारी तुम्ही खालीच थांबा. त्यांनी ताटावरून वर पाहिले. "आणि बाकीच्यांच्या बायका?"
माझा भात तसाच राहिला.

बुध., १४
सकाळीच पटाशी, हातोडी, कानस घेऊन गेलो. कोणाला विचारले नाही. मधल्या तुळईचे सागवान स्वतः उचकटले. एक फळी चिरली. सखाराम खाली शिडी धरून उभा.

वरची पट्टी मापली. खालची मापली. पुन्हा मापली. सुताचाही फरक नाही. हातोडी मारली तर घंटेसारखा नाद. कानस घासली, आतून पांढरे चकचकीत. पोलाद. बाकीच्यांचेही सागवान थोडे थोडे सैल करून बघितले. सगळ्या त्याच. उलट-सुलट कशीही घाला, तीच ती.

शिडीवरच बसलो. घाम एवढा की ताप परत आला असे वाटले, पण अंग हलके. हसू येत होते.

मग सखारामला विचारले, अरे, मग रुंद बाजू वर घातली म्हणून का सांगितलेस? हातातली पटाशी पुसत म्हणाला, "दोनय बाजू सारख्योच होत्यो. तुमीच इचारल्यात रुंद बाजू खंय म्हणान. माका वाटला, असतली, माकाच दिसूक नाय. तुमच्या म्होरे नाय म्हणूक कोणाची छाती आसा, दादानू?"
फळी आम्ही दोघांनी मिळून बसवली. चीर दिसते.

गुरु., १५
वास्तुशांत पार पडली. पंगतीवर पंगत उठली. मी खाली, मधल्या तुळईखालीच पाट मांडून घेतला. वर पावलांचा, भांड्यांचा, पोरांच्या धावण्याचा आवाज. गिलाव्याचा कणही पडला नाही. सौ. वरच जेवल्या. जिलब्या चांगल्या होत्या म्हणे. मी पण पाच खाल्ल्या. मेहुणे जाताना चिरलेल्या फळीकडे बघून म्हणाले, हे काय? उंदीर, म्हटले.

रवि., १८
घरीच. बरे वाटते आहे. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इतकी वर्षे मी विचारत आलो, पाया खडकापर्यंत गेला का, तुळईच्या टोकाखाली दगड बसवला का, चुना मुरला का. सगळ्यांनी 'व्हय' म्हटले. मी समाधानाने घरी आलो. त्यातले खरे किती आणि…

सोम., १९
जिन्याची तुळई. भिंतीत वीतभर टोक पुरे, असे सखारामला सांगितले. तो उभाच राहिला. पायाने भुसा सारू लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाय."
टोक आणखी आत हवे म्हणतो. जिन्याकडची भिंत पोकळ लागली, त्याने ठोकून बघितली आहे.

लगेच रागावणार होतो. रागावलो नाही. आज तुळई चढवू नका म्हटले. मला अजून माझेच बरोबर वाटते. उद्या भिंत दोघांनी उकरून बघायची.