डोंबिवली परगावात धरल्याबद्दल

वैदेही,

तुझ्या ऑनलाइन दुकानातून भाजणी मागवताना तुझ्या आईला डोंबिवलीसाठी नागपूरइतका कुरिअर चार्ज का दिसला, ते मला माहीत आहे. त्या बिचाऱ्या वेबसाइटवाल्याला उगाच झापू नकोस. 'मुंबई' आणि 'परगाव' असे पिनकोड भरायचं काम तू मला दिलं होतंस. मी कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत मुंबई धरली आणि पुढचं सगळं परगाव. जन्म गिरगावात काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा होती तुझी?

पण काल विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "लग्नाला चार वर्षं झाली, तरी व्याही आमच्याकडे का फिरकले नाहीत, ते आज कळलं. लांबचं गाव ना आमचं!" ते मात्र मला लागलं.

तेव्हा ते पिनकोड आता तूच बदल. भाजणीची पाकिटं घेऊन मी स्वतः डोंबिवलीला निघालोय. बरोबर स्वेटर, बीपीच्या गोळ्या आणि दशम्या घेतल्यात.

रात्री जेवायला माझी वाट पाहू नकोस. परगावी गेलेला माणूस त्याच दिवशी परत येतो का कधी?

बाबा