सारख्या कपांतली कॉफी

आप्पा, तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितोय. तेही व्हॅनमध्ये बसून, स्टिअरिंगवर वही टेकवून. नेपरव्हिलमध्ये सकाळपासून बर्फ पडतंय, पुढच्या कस्टमरनं दोनची वेळ दिलीय, आणि आईनं दिलेली भाकरी खाऊन झालीय. मी मजेत आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे येणार आहे ते सगळंच मजेचं नाही. मी फर्नेस दुरुस्त करतो. इथं प्रत्येक घराच्या तळघरात घर गरम ठेवणारी एक भट्टी असते, ती. तुम्ही डेपोत बसखाली झोपायचात, मी भट्टीपुढं झोपतो. तुमच्यानंतर आई नर्सच्या नोकरीवर इकडं आली, मला घेऊन आली, आणि आता म्हणते, "पोराला शिकायला अमेरिकेत आणलं, त्यानं बापाचंच काम काढलं." मला म्हणते तेव्हा रागानं म्हणते. हॉस्पिटलातल्या मैत्रिणींना सांगताना तिचा आवाज वेगळा असतो.

कॉलेज मी तिसऱ्या वर्षात सोडलं. कॉलेजच्या हिरवळीवर पोरांनी तंबू ठोकले होते, गाझासाठी. रोज संध्याकाळी एक मुलगी तिथं उभी राहून मेलेल्यांची नावं वाचायची, वयासकट. चार वर्षं, सहा वर्षं, एकोणऐंशी वर्षं. घाई नाही, रडणं नाही, हजेरी घ्यावी तसं. मी पहिल्या दिवशी पाण्याचा खोका द्यायला म्हणून गेलो आणि तिथंच राहिलो. खरं सांगायचं तर निम्मा राग होता आणि निम्मा तिचा आवाज. नंतर कॉलेजनं आम्हाला एकेकाला बोलावून सांगितलं, चार ओळींची माफी लिहून द्या, वर्ष वाचेल. मी गळ्यातलं आयडी कार्ड दोरीसकट टेबलावर फेकलं, "ठेवा तुमचं वर्ष," म्हणालो आणि दार आपटून बाहेर पडलो. पार्किंगमध्ये आल्यावर लक्षात आलं, गाडीची किल्ली त्याच दोरीला होती. परत आत जाऊन "प्लीज" म्हणून मागावी लागली. नावं वाचणाऱ्या त्या मुलीला हे कळल्यावर ती हसेल किंवा निदान हळहळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आमच्या घरात शहिदांचे फोटो लावायला आता भिंत उरलेली नाही. तू घरी जा, जेव." ती पॅलेस्टिनी आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तिनं माफी लिहून दिली नाही, पण दारही आपटलं नाही. वकील गाठला, भांडली आणि डिग्री घेऊन बाहेर पडली. ती तशी आहे, आप्पा. मी असा आहे.

या जानेवारीत त्यांच्या घरची फर्नेस बंद पडली. बाहेर उणे पंधरा, आणि कुठलीच कंपनी तीन दिवस यायला तयार नव्हती. तिनं मला फोन केला. फोन माझ्यासाठी नव्हता, फर्नेससाठी होता, पण मला काय त्याचं. घरात ती, तिची आई आणि आजोबा. वडील लवकर गेले. आजोबांना ती सिदो म्हणते, त्यांच्याकडं तसं म्हणतात. सिदो ऐंशीच्या पुढचे. तळघरात प्लास्टिकच्या खुर्चीत ओव्हरकोट घालून, वर ब्लँकेट घेऊन बसलेले. मी गेलो तर उठले नाहीत, नुसता हात पुढं केला. ती जिन्यावरून म्हणाली, "सिदो कोणासाठीच उठत नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, माझं काय जातं. तुमचा टॉर्च काढला, तो दोन सेलचा स्टीलचा, आणि त्यांना विचारलं, "जरा इथं धरता?" त्यांनी धरला. हात अजिबात हलला नाही. ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरवर काजळी धरली होती, घासून परत बसवायचा, वीस मिनिटांचं काम. मी सव्वा तास लावला.

त्या सव्वा तासात मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं. "सिदो, तुमच्याकडं बंदूक होती?" वरून ती ओरडली, "काय विचारतोयस तू!" सिदोंनी टॉर्च तसाच धरून ठेवला. मोडक्या इंग्लिशमध्ये बोलले, अडलं तिथं ती सांगत गेली. बंदूक भावाची होती, म्हणाले. मोठ्या भावाची. तुला बंदुकीचं ऐकायचंय, पण मला त्याचं जेवण आठवतं. सीमेपलीकडून लपत यायचा, आई मसूर शिजवून वाढायची, आणि तो एक हात बंदुकीवर ठेवून दुसऱ्या हातानं जेवायचा. अर्धं खाली सांडायचं. आई म्हणायची, दोन हातांनी जेव. तो शेवटपर्यंत एकाच हातानं जेवला. मग एक दिवस तो आला नाही, शिपाई आले. भावाला भाकर दिली आणि झोपायला जागा दिली, म्हणून सिदो नऊ वर्षं जेलमध्ये. रोज तीन वेळा मोजणी. आजारी असा, झोपेत असा, मोजणीला उभं राहायचं. "नऊ वर्षं मी दिवसातून तीनदा उठलो," ते म्हणाले, "माझ्या वाटणीचं उठणं संपलं."

आणि त्याच्या आधीचं, जिथून सगळं सुरू झालं ते. ते सात वर्षांचे असताना गावात शिपाई शिरले, पुरुषांना घरांतून बाहेर काढलं, शाळेच्या भिंतीशी नेलं. त्यात त्यांचे वडील. आईनं ह्यांना पिठाच्या पेटीत घातलं आणि झाकण लावलं. आत काही दिसत नव्हतं, म्हणून ते गोळ्यांचे आवाज मोजत बसले. "मला वीसपर्यंतच येत होतं," म्हणाले. "वीस झाले की परत एकपासून." किती वेळा परत एकपासून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. भाऊ थोरला होता, पेटीत मावत नव्हता. तो मागच्या बाजूनं छपरावर चढला आणि त्यानं भिंत बघितली. "तो त्या भिंतीतून कधी बाहेर आलाच नाही. बरोबर केलं की चूक, ते मला विचारू नकोस. लोक विचारतात. मी त्याचा भाऊ आहे, जज्ज नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "तुझा बाप?"

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसली होती. गुडघ्यावर हनुवटी. आणि मी म्हणालो, "माझे वडील पण जेलमध्ये होते. चार वर्षं. लढले होते." आप्पा, मी तुम्हाला चार वर्षं आत टाकलं, आणि ते करायला मला एक सेकंदसुद्धा लागला नाही. सिदोंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती माझ्याकडं असं बघत होती, की त्या क्षणी मी तुम्हाला जन्मठेपसुद्धा दिली असती.

खरं काय ते तुम्ही मला सांगितलं होतं. मी दहा वर्षांचा होतो, डेपोत तुमच्यासोबत आलो होतो, तुम्ही बसखाली आणि मी टॉर्च धरून. तुम्ही नट काढता काढता बोलत होतात. तुम्ही नऊ वर्षांचे असताना गावात आपली वस्ती पेटवली, आणि आजीनं तुम्हाला उभ्या ज्वारीत नेलं. आवाज नको म्हणून तोंडात पदर कोंबला. ज्वारीतून तुम्ही घर जळताना बघितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?" तुम्ही म्हणालात, "लपलो." मी म्हणालो, "बस्स?" तुम्ही बाहेर आलात, कापसाच्या बोळ्यानं हात पुसलेत, माझ्या हातातला टॉर्च विझवलात आणि म्हणालात, "ठेव तुला. चांगला धरतोस." मला टॉर्च मिळाल्याचा एवढा आनंद झाला की तुमचा चेहरा बघायचा राहून गेला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

त्या तळघरानंतर मी तिथं जात राहिलो, तिनं हो म्हटलं, आणि मार्चमध्ये आम्ही मागणी घालायला गेलो. त्यांच्यात मुलाकडच्या मोठ्या माणसांनी जायचं, आणि बोलणंही त्यांनीच करायचं असतं. माझ्याकडं तुम्ही नाही, म्हणून आई आणि एक काका. काका मूळचे नागपूरचे, बुद्धवंदनेला भेटतात, मला पोरासारखं वागवतात. गाडीत मला म्हणाले, "काऊन बे, टाय कोनाकून बांधून घेतला? गळफास लागल्यावानी दिसते." त्या घरी कशी रीत असते, हे तिनं आदल्या दिवशी आम्हा तिघांना अकरा मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं होतं. आईनं तो नर्सच्या शिस्तीत लिहून काढला. मी तो चारदा ऐकला. चारही वेळा तिचा आवाज ऐकला, शब्द नाही.

तिच्या आईनं कॉफी आणली, लहान, बिनकानाचे, सोनेरी काठाचे कप. काकांनी आपला कप टेबलावर ठेवला, घसा साफ केला आणि पाठ केलेलं इंग्लिश सुरू केलं. सिदोंनी त्यांना हातानं थांबवलं आणि आईकडं वळले. "तुमचे पती चार वर्षं आत होते. कुठल्या जेलमध्ये?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. मला वाटलं, आता सांभाळून घेईल. पण तुम्ही तिला ओळखता. ती हॉस्पिटलातल्या साध्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "माझा नवरा एक दिवससुद्धा जेलमध्ये नव्हता. तो नऊ वर्षांचा असताना गावानं आमच्या लोकांची घरं जाळली, कारण आमची माणसं मान वर करून चालायला लागली होती. तो आईसोबत शेतात लपला. मोठा झाल्यावर त्यानं बस दुरुस्त केल्या. बस्स."

तोच शब्द, आप्पा. पण तिनं तो काय ताठ मानेनं म्हटला.

जिच्यासाठी हे सगळं केलं, तिचे डोळे माझ्यावर, आणि त्यात तळघरातलं काहीच उरलेलं नाही. मला वाटलं, संपलं, गेली ती. मी खाली बघायला लागलो, आणि खाली कप होते. सगळे सारखे. तुम्हाला आठवतंय, डेपोतल्या त्या साहेबांच्या घरी मी लाजून चहाला नको म्हणालो होतो? सायकलवरून येताना तुम्ही केवढे चिडला होतात. "आधी बघायचं, सगळ्यांचे कप सारखे आहेत का. वेगळा असेल तर उठायचं. सारखा असेल तर थांबायचं नाही, उचलून प्यायचं. माझ्या बापाला कोणी कप दिला नाही. तू नको कशाला म्हणतोस?" माझ्या हातानं कप उचलला आणि मी कॉफी पिऊन टाकली. एका घोटात, गाळासकट.

तिच्या आईनं तोंडावर हात ठेवला. काका हळूच म्हणाले, "अबे!" आणि ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अकरा मिनिटं! अकरा मिनिटं बोलले होते मी!" रीत अशी की मुलाकडच्यांनी कॉफी तशीच ठेवायची. घरचा वडीलधारा हो म्हणेपर्यंत कोणी प्यायची नाही. मी हो यायच्या आधीच कप रिकामा केला होता.

"का प्यायलास?" सिदोंनी विचारलं. आता खोटं सुचत नव्हतं. मी तुमचा नियम सांगितला. त्यांनी तो परत सांगायला लावला. मग एकेका कपाकडं बघून घेतलं आणि ते आईला म्हणाले, "ते शेतातलं पीक. किती उंच असतं?"

आईनं डोक्याच्या वर हात नेला. "एवढं."

"मग चांगली जागा," सिदो म्हणाले. "पेटी फार लहान होती." पुढं म्हणाले, "सगळे मला भावाचं विचारतात. पेटीचं कोणी विचारत नाही." आणि मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन ते उठले. हळूहळू, पण पूर्ण ताठ. आईसमोर उभे राहिले. त्यांची लेक रडायला लागली, तेव्हा मला कळलं की मी काय बघतोय.

ते माझ्याकडं वळले. "तू खोटं बोललास, त्याचं मी तुझ्याकडं नंतर बघतो. पण प्यायलेली कॉफी मी खोटी पाडणार नाही. एका घरात एका दिवसाला एक खोटं पुरे." त्यांनी स्वतःचा कप उचलला आणि प्यायले. मग काका, मग आई. तिची आई डोळे पुसत म्हणाली, "धर्माचं काय करायचं, त्याला आणखी एक दुपार लागेल." ती दुपार अजून व्हायचीय.

ती माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी म्हणाली, "फोटो लावायला माणूस नको होता मला. आणि तू स्वतःच्या बापालाच भिंतीवर चढवलंस." मी चक्क कबूल केलं. असं माझ्या हातून क्वचित होतं. आता ठीक आहे. रविवारी त्यांच्याकडं जेवायला असतो, सिदो मला दोन हातांनी जेवायला लावतात, आणि तुमच्याबद्दल विचारतात. ज्वारीचं, बसचं, सायकलचं. मी जसं आहे तसं सांगतो. त्यांना पुरतं ते. मलाही आता पुरतं.

दोन वाजत आले. हे पत्र कुठं टाकायचं असतं मला माहीत नाही, तेव्हा ते इथंच पान्ह्यांच्या खणात राहील. एकच राहिलं. त्या दिवशी तळघरात तुमचा टॉर्च माझ्याकडून विसरला, असं मी सगळ्यांना सांगितलंय. सिदोंनी परत दिला तर म्हटलं, असू दे तुमच्याकडं. आप्पा, मी विसरलो नव्हतो. परत तिथं जायला काहीतरी कारण हवं, म्हणून मुद्दाम त्यांच्या हातात ठेवून आलो होतो. हे अजून तिला सांगितलेलं नाही.