नीरफणसाखाली पुरलेली नाळ

वेंडेल,

बागेचा आराखडा आणि बांधकाम एकाच कंपनीला देऊन मोकळं होऊ, हा तुझा बेत मी मोडला. त्यांच्या माणसाने आल्या आल्या नीरफणसावर फुली मारली. म्हणे इथे फरशी शोभेल. म्हटलं, तुझ्या डोक्यावर बसव!

आराखडा आता मिस पर्लीन करतील, गवंडी मागाहून बघू. त्यांनी आधी झाडावर हात ठेवला. "कुणाची नाळ पुरलीय इथे?"

"आमच्या लेकाची, कीमारची. किंग्स्टनला शिकतो," माझ्या तोंडून निघून गेलं.

मिस पर्लीन आज संध्याकाळी परत येतील. कीमार गेला, हे त्यांना तूच सांग. मी बहिणीकडे चाललेय. तुझ्या तोंडूनही ते मला ऐकवत नाही.

आयोना